उद्दिष्ट: थोबाडीत

गरम कढई उचलताना ताईचा तळहात भाजला. जखम भरली, पण बोटं आत वळून बसली.

"भाजलेली कातडी आखडते आणि कडक होते," फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. "रोज थोडी थोडी ताणली तर सैल पडेल, घाई केली तर फाटेल. हात कितपत उघडायला हवाय?"

"पूर्ण. एकाला थोबाडीत द्यायचीये. 'उचल, गार झालीये कढई' म्हणाला होता गधडा."

मॅडमनी शांतपणे फॉर्मवर लिहिलं, 'उद्दिष्ट: थोबाडीत.'

सात महिने ताई दातओठ खात बोटं ताणत राहिली. एकदाही दांडी मारली नाही. शेवटी एका सोमवारी तळहात टेबलावर सपाट टेकला. मॅडमनी खालून कागद सरकवून पाहिला, तो आत जाईना.

ताईनं दाराकडे बघून हाक मारली. सात महिने तिला रोज स्कूटरवर आणून बाहेर बाकावर बसून राहणारा धाकटा भाऊ आत आला. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि गाल पुढे केला.

"नीट मार," तो म्हणाला. "हळू मारलीस तर मॅडम अजून महिनाभर यायला लावतील."