पुस्तकातून लागण

‘कोणतं पुस्तक वाचू, सुचवाल का?’ समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंच्या या चिठ्ठीला आजोबांनी उत्तर दिलंच नव्हतं. आपण कोण सुचवणारे, असं म्हणता म्हणता वर्ष सरलं.

मग इमारतीत उलट्या-जुलाबांची साथ आली. ती कुणाकडून कुणाकडे गेली, हे शोधत नर्स त्यांच्या दारात आली.

“आजारी पडण्याआधी कुणाकुणाला भेटलात?”

“मला कोण भेटणार? वाचनालयात पुस्तक तेवढं परत केलं.”

“बोटाला थुंकी लावून पानं उलटता?”

आजोबा ओशाळले.

“तरीच. समोरच्या काकूंनाही तीच खोड. तुमच्या पाठोपाठ त्याही आडव्या झाल्या.”

“पण त्यांचा माझा काय संबंध?”

“तुम्ही परत केलेलं प्रत्येक पुस्तक त्याच दिवशी त्या घरी नेतात, आजोबा. वर्षभर. आता हात साबणाने धुवायचे आणि दोन दिवस कुणाकडे जायचं नाही.”

जन्मात कुणाकडे न गेलेल्या आजोबांना ही बंदी फार जाचली. त्यांनी हात खसखसून धुतले, ‘पुढचं पुस्तक दोघं मिळून निवडू या. पानं मी कोरड्या बोटाने उलटीन,’ असं चिठ्ठीवर लिहिलं आणि ती समोरच्या बाईंच्या पत्रपेटीत टाकली.