सगळ्यात शांत सेकंद

"सैल सोडा हात, अन्सेल्मोकाका. अगदी सैल," नेलिदाबाई म्हणाल्या.

"हात असता तर सोडला असता की," काका म्हणाले. भातमळणीच्या यंत्रानं कोपराखाली वीतभरच ठेवलं होतं. त्यावर आता यांत्रिक हात चढवला होता. सुरू केला की वीस सेकंद तो उरलेल्या स्नायूची निवांत कुजबुज ऐकायचा आणि आपली आपणच खूण बांधायचा, की याहून मोठा आवाज आला तरच बोटं उघडायची. हे त्याला बाईंच्या हाताखालच्या तरुण यामिलानं शिकवलं होतं.

सहाव्यांदाही बोटं हलली नाहीत. आज जमलं नाही तर हात परत कपाटात जाणार आणि काका एकच्या बोटीनं तसेच बेटावर.

"सरक बाजूला, पोरी, मी हातानं लावते," नेलिदाबाई म्हणाल्या. या दवाखान्यात तीस वर्षं त्यांनी ही खूण बटण पिळूनच लावली होती.

"आणि बेटावर कोण लावणार, बाई? तुम्ही रोज बोटीनं जाणार?"

पोरीचं खरं होतं. बाईंनी आपलं माटेचं, म्हणजे कडवट पाल्याच्या चहाचं, पाणी सुक्या भोपळ्यात ओतलं. सगळ्यांत मिळून एकच भोपळा, ओढून प्यायची एकच नळी. आधी बाई प्यायल्या, मग भोपळा भरून त्यांनी यामिलापुढे केला.

यामिलानं तो घेतला, पण प्यायली नाही. ती संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. काका दगडासारखे बसलेले आणि त्यांच्या स्नायूचा आवाज दाखवणारी रेघ मात्र फुगलेली. तिनं भोपळा खाली ठेवला. रेघ निवली. उचलला, पुन्हा फुगली.

"काका, तुम्ही माटे कुठल्या हातानं घ्यायचात?"

"उजव्या. अजूनही आधी तोच निघतो, मेला."

बाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे घोळ माझाच. काका निवांत व्हावेत म्हणून दर वेळी मीच भोपळा फिरवत बसले. आवरते हे सगळं."

"राहू दे, बाई. त्यांच्या घरी कोण आवरणार? चूक माझी आहे. वीस सेकंदांची सरासरी घेत होते, त्यात माटेकडची ही ओढही धरली जाऊन खूण फार वर बसली. आता त्यातला सगळ्यात शांत सेकंद तेवढा घेते."

तिची बोटं भराभर चालली. आजवर आलेल्या प्रत्येकाला बाईंनी "हलू नका" म्हणून दटावलं होतं. काकांना दटावावं असं या पोरीच्या मनातही आलं नव्हतं. बाईंना तिचा भारी अभिमान वाटला, आणि जरासा हेवाही.

सातव्यांदा. वीस सेकंद भोपळा फिरतच राहिला. काकांची पाळी आली तेव्हा बाईंनी सवयीनं तो त्यांच्या डाव्या हाताशी नेला.

काकांनी डावा हात मांडीवरून उचललाच नाही. उजवीकडची बोटं अडखळत उघडली, भोपळ्याभोवती मिटली. नळी गुरगुरेपर्यंत काका पीत राहिले.

"थंड झालाय," ते म्हणाले.

बाईंच्या माटेला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी किटली उचलली आणि पाणी तापवायला गेल्या.