नखाएवढ्या चिपवरचे मेंदू

"म्हणजे नखाएवढ्या चिपवर आठ-दहा मेंदू?" मोरेश्वर मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अन् सारे मिळून एकच गणित सोडवतात?"

"सोडवतील. आम्ही तेच करून पाहून राहिलो," मुकुंद म्हणाला. "अजून जमलं नाही."

झालं! मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. पांढुर्ण्याच्या भगवंतरावांचा मुलगा बेंगलोरला कॉम्प्युटर बनवतो, असं ऐकून त्यांनी बापलेकांना सौंसरला मुलगी पाहायला बोलावलं होतं. आता म्हणे, हा बनवतो ती वस्तू जगात अजून नाहीच! मग याला पगार कशाचा मिळतो? मास्तरांच्या शाळेत यंदा, १९९८ साली, आलेला पहिलाच कॉम्प्युटर टेबलभर पसरला होता, अन् हे महाशय नखावर आठ-दहा बसवून राहिले! एकुलती एक पोरगी अशा थापाड्याला द्यायची?

प्रतिभा बशा ठेवत होती. "पोहे, चिवडा, संत्र्याची बर्फी, सारं आमच्या प्रतिभानं एकटीनं केलं बरं का," मास्तरांनी पाहुण्यांना मघाशीच ऐकवलं होतं. प्रतिभा तेव्हा खाली पाहत होती. आता ती मुकुंदाकडे पाहून राहिली होती, अन् तेही मास्तरांना खटकलं.

परीक्षेत पोरांची कॉपी पकडताना काढायचे तो आवाज त्यांनी काढला. "का बरं जमत नाही?"

"काम वाटून देणं कठीण जाते. एक मेंदू राबतो, बाकीचे त्याची वाट पाहत बसतात. अन् शेवटी उत्तर तर एकच यायला पाहिजे."

"काहीच्या काही!" मास्तर उठलेच. "भगवंतराव, राग मानू नका. पण खोटं बोलणाऱ्याच्या घरी मी पोरगी द्यायचो नाही!"

भगवंतरावांचा चेहरा पडला. मुकुंदानं न खाताच बशी खाली ठेवली.

"जमते ना," प्रतिभा एकदम म्हणाली. मास्तरांनी डोळे वटारले, पण ती थांबली नाही. "हे पोहे आईनं केले. चिवडा काकूनं. बर्फी शेजारच्या शोभाताईनं. तिघी एकाच स्वयंपाकघरात सकाळपासून राबून राहिल्या, कोणी कोणाची वाट पाहिली नाही. अन् तुमच्यापुढं बशी एकच आली."

मास्तर मटकन खाली बसले.

मुकुंदानं बशी पुन्हा उचलली. "मग तुम्ही काय केलं?"

"मी खरं बोलली."