लांबनं हाक

म्हसवडची विजयमाला लष्करी इस्पितळात मनोरुग्णांची नर्स म्हणून रुजू झाली, त्या पहिल्याच दिवसाची गोष्ट. एकाहत्तरच्या लढाईवरून आलेला एक जवान भरदुपारी गाढ झोपला होता आणि त्याच्या गोळीची वेळ झाली होती. सोबतची नर्स त्याचा खांदा हलवायला वाकली, तोच विजयमालानं तिला मागं ओढलं. मग खाटेच्या पायथ्याशी, चांगलं चार हात लांब उभं राहून तिनं त्याला नावानं हाक मारली. तो ताडकन उठला. समोर नसलेल्या कुणाचा तरी गळा त्यानं दोन्ही हातांनी आवळला आणि भानावर येताच ओक्साबोक्शी रडू लागला.

दारातून हे पाहणाऱ्या मेट्रन चाट पडल्या. "अगं, हे तर मी उद्या शिकवणार होते! तुला कुणी सांगितलं?"

"आईनं," विजयमाला सहज बोलून गेली. "आबा इटलीच्या लढाईवरनं आले, तवापास्नं ती त्यांना अशीच लांबनं उठवायची. लय तापट होते आबा."

मग पुढं म्हणाली, "माझ्यावर तर त्यांचा जीवच न्हवता, बाई. लहानपणी मी कुशीत शिरले, की उठून गोठ्यात झोपायला जायचे."