चौकातला फलक

न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा उन्मेषने तुरुंगाऐवजी चौकात उभं राहणं आनंदाने पत्करलं होतं. आता सिग्नलपाशी त्याच्या हातात फलक होता : ‘मी दारू पिऊन गाडी चालवली. तुम्ही चालवू नका.’ ओळखीचं कुणी दिसलं की तो फलकाआड तोंड लपवायचा.

“तोंड झाकू नका, वर धरा तो,” हवालदार म्हणाले.

लाल दिवा लागला आणि शाळेची बस नेमकी त्याच्यासमोर थांबली. “बाबा!” खिडकीतून मुक्ता ओरडली. पहिलीतल्या मुक्ताला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. दिसेल ती पाटी ती मोठ्याने वाचायची.

त्याने फलक फिरवायच्या आत तिने सुरुवात केलीसुद्धा. “मी... दा... रू... दारू पिऊन...” एकेक अक्षर जुळवत तिने सगळं वाचलं. मागची मोठी मुलं फिदीफिदी हसली. बसमधल्या बाई दुसरीकडे पाहू लागल्या.

मुक्ता मात्र खिडकीचा गज धरून त्याच्याकडेच बघत होती. “बाबा, बरोबर वाचलं ना मी?”

उन्मेषला तिच्याकडे बघवेना. तरी त्याने मान वर केली.

“हो बाळा,” तो म्हणाला. “तुझी एकही चूक नाही.”