पाहुण्यांसमोर नको

"नरसव्वा, उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल," डॉक्टर शर्वरीनं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं.

सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्तीत शर्वरीचा मधुमेही रुग्णांचा गट काही महिन्यांपूर्वी सुरू झाला होता. मोठ्या इस्पितळात लागू पडलेले उपचार वस्तीत रुजतात का, हे पाहायला एका संस्थेनं पैसे दिले होते. गटातल्या बाकी सगळ्यांची साखर उतरली होती, नरसव्वाची मात्र नाही. आणि आज संस्थेच्या अरुंधतीबाई आल्या होत्या.

गटातल्या बायकांशी बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गुण कुणाला आला नाही? मला त्यांना भेटायचंय. कुठं अडतंय ते कळावं म्हणून तर हे पैसे."

शर्वरी स्वतःच बोलवायला गेली. नरसव्वा दारात विड्या वळत बसली होती. तिनं काही न विचारता सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि निघाली.

"सकाळी का नाही आलात?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

नरसव्वानं शर्वरीकडं एकदा पाहिलं. "डोकं दुखत होतं बाई. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं की."

शर्वरीला मान वर करवेना.

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "मीच त्यांना येऊ नका म्हणाले. त्यांची साखर तुम्हाला दिसू नये म्हणून."

मग अरुंधतीबाईंनी सरकून सतरंजीवर नरसव्वाला जागा करून दिली. "तुम्हीही बसा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून ऐकू."