चला म्हणेपर्यंत

"माझा भाऊ डोळ्यांदेखत निळा पडत होता आणि तुम्ही हातात सुई घेऊन पुतळ्यासारख्या बसलात. का, ते सांगा आधी."

इमर्जन्सी वॉर्डाच्या दारात रंगाऱ्याची ताई डॉक्टरबाईंच्या आडवी उभी होती. भाऊ आत होता, जिवंत होता. तिच्याच घराचा जिना रंगवताना शिडीवरून खाली आला होता. तिच्या बाहीला अजून ओला पोपटी रंग.

डॉक्टरबाई उंचीला ताईच्या खांद्याइतक्या. मान वर करून म्हणाल्या, "हात माझा होता. मी थांबवला."

"अहो, पण का?"

"मी म्हणालो म्हणून." मागून पॅरामेडिक बोलला. अँब्युलन्समधला बाईंचा जोडीदार. नुसता ताड. "मला वाटलं, चुकीच्या बाजूला सुई घालतायत. म्हणून थांबा म्हणालो."

"मग?"

"बाजू बरोबर होती. मी चुकलो."

ते खरंच होतं. बरगडी मोडून फुप्फुसात घुसली होती आणि छातीत हवा कोंडत चालली होती. ती सुईनं बाहेर काढली नाही तर खेळ खल्लास. पॅरामेडिक जिन्यात रंगाऱ्याच्या पायाकडून वाकला होता. समोरच्या माणसाचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं, हे घाईत त्याच्या डोक्यातून गेलं. हवा डावीकडे कोंडलीय असं धरून बसला. बाई "उजवी" म्हणत सुई टेकवायला गेल्या तसा ओरडला, थांबा.

सुई तिथंच थांबली. का रे नाही, डोळे वटारणं नाही. स्टेथोस्कोप कानात होताच, बाईंनी दोन्ही बाजू परत ऐकल्या. मग त्याचा हात धरून रंगाऱ्याच्या उजव्या खांद्यावर ठेवला. "ही उजवी." एवढंच. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बाईंच्या गाडीत कायदाच आहे, त्यांनीच केलेला. ज्यानं थांबवलं, त्यानंच चला म्हणायचं.

"चला," तो म्हणाला. सुई आत गेली आणि सायकलची ट्यूब सोडावी तशी हवा सुटली.

ताईला यातलं एकच दिसलं होतं, भावाचे ओठ.

"उजवं-डावं कळत नाही तुम्हाला?" ती आता पॅरामेडिककडे वळली. "बालवाडीतलं पोर सांगेल. एवढे उंच वाढलात, रक्त पोचतं की नाही डोक्यापर्यंत?"

"पोचतं हो," बाई म्हणाल्या. "आज जरा उशिरा पोचलं. जा तुम्ही आत, भाऊ डोळे उघडतोय."

ताईनं जाताना दार आपटलं. ते स्प्रिंगचं निघालं, हळूच मिटलं. मग तिला आणखीच राग आला.

बाहेर उन्हात दोघं स्ट्रेचर पुसत होते. पॅरामेडिक मघापासून एकच जागा घासत होता. कान लालभडक.

"मॅडम, यापुढं मी तोंड मिटून काम करणार. माझ्या बडबडीनं मेला असता तो."

"मग मला दुसरा माणूस शोधावा लागेल."

"मी चुकलो, मॅडम."

"चुकलास की. मी कुठं नाही म्हणतेय? पण उद्या मी चुकले तर कोण सांगणार? हे स्ट्रेचर?" बाईंनी हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "सुई घालताना बाईचा हात जरा हलत नाही, असं सगळीकडे सांगत फिरतोस ना? कशाच्या जोरावर हलत नाही, बावळट?"

त्यानं फडक्याची घडी घातली. कधी घालत नाही.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. गोदामात कुणीतरी कोसळलंय. स्ट्रेचर आत गेलं, पॅरामेडिकनं मागचं दार लावलं आणि पळत पुढं येऊन ड्रायव्हरशेजारी बसला. बाईंनी पुढच्या दाराच्या पायरीवर पाय ठेवला.

ताई पोर्चमध्ये फोनवर होती. "हो गं वहिनी, बोलला. पाणी मागितलं त्यानं." बोलता बोलता तिचं लक्ष गाडीकडे गेलं. "अहो, थांबा. मागचं दार उघडं आहे तुमचं."

बाईंचा पाय पायरीवरून खाली आला. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. बाई चटचट मागं गेल्या, दोन्ही कड्या खेचून बघितल्या. दार घट्ट बंद होतं. काचेवर ऊन पडून चमकत होतं, एवढंच.

ताईनं जीभ चावली. "अगंबाई, बंदच आहे की. मला लांबून वाटलं..."

आता आपल्याला ऐकून घ्यावं लागणार म्हणून ती तयारच होती. पण बाई परत पायरीशी आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या, तिच्याकडे बघत. चढेनात. सायरन सुरू झाला होता. फोनमध्ये वहिनी हॅलो हॅलो करत होती.

"काय झालं आता? का थांबल्यात त्या?" ताईनं विचारलं.

पॅरामेडिकनं खिडकीतून आपली लांबलचक मान बाहेर काढली.

"ताई, थांबवलंत तुम्ही. आता तुम्हीच चला म्हणा. लवकर. निघायचंय आम्हाला."